पाठीचं पाठीला, दम्याचं दम्याला

१२ जून

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तूही असशील. तुझ्या भाचीला नवे दात आलेत, ते ती सगळ्यांना चावून तपासून बघते. बायंडिंगचं काम जोरात आहे. वाचनालयाचे जुने खंड शिवायला आलेत. दिवसभर वाकून बसलो तरी संध्याकाळी सरळ उभा राहतो.

हे श्रेय त्या कायरोप्रॅक्टर बाईंचं, हाताने मणके दाबून उपचार करतात त्यांचं. सहा आठवड्यांत त्यांनी मला माणसात आणलं. तू म्हणाली होतीस, पाठीसाठी खुशाल जा, पण दम्याचा पंप सोडू नकोस.

ताई, मी सोडला होता.

बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे. पाठ मोकळी झाली, छातीही हलकी वाटली, आणि मीच ठरवून टाकलं की वीस वर्षांचा दमा मणक्यातच अडकला होता. त्या विचारायच्या तेव्हा ‘घेतो की रोज’ अशी थाप मारायचो. तुझ्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीतून तू पाठवलेलं पाकीट तर फोडलंच नाही.

मार्चमधल्या एका सकाळी त्यांचा जिना चढलो आणि वर पोचेपर्यंत तोंडातून शब्द फुटेना. बाईंनी मला टेबलावर घेतलं नाही. खुर्चीत बसवलं, पाठीला कान लावला आणि विचारलं, “पंप कधी बंद केलात?”

मी कसंबसं म्हटलं, तुमच्या हातानेच बरा होईन.

“पाठदुखीत मणके दाबण्याचा उपयोग होतो, याला पुरावा आहे, म्हणून मी तुमच्या पाठीवर उपचार करते,” त्या म्हणाल्या. “दम्यासाठी तसा पुरावा नाही. माझ्यावर विश्वास ठेवता ना? मग हेही ऐका.”

दवाखान्याला कुलूप लावून त्यांनी मला स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. तीन दिवस ऑक्सिजनवर होतो. तुला कळवू नका, असं मीच घरी बजावलं होतं.

परत आल्यावर पाकीट फोडलं. मणके दाबून दमा बरा होतो का, हे तपासणाऱ्या चाचणीचा लेख आत होता. एका परिच्छेदाखाली तुझी पेन्सिलीची रेघ होती. काही रुग्णांना खरा उपचार दिला, काहींना नुसता दिल्यासारखा केला. बरं वाटतंय असं दोन्हीकडच्यांनी सांगितलं, पण श्वास मोजला तर फरक काहीच नाही. मला हसू आलं. बरं वाटणाऱ्यांत मीही होतो.

मग पाकिटावरची तारीख पाहिली आणि हसू विरलं. ‘तुला स्वतःचं कोणी नाही, म्हणून माझ्या मागे लागतेस’ असं मी तुला फोनवर बोललो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू ते पोस्टात टाकलं होतंस. आई गेल्यावर ज्या बहिणीने मला अंगाखांद्यावर वाढवलं, तिला मी हे बोललो. आणि तिने रात्रभर काय सोसलं असेल ते असो, सकाळी माझ्या श्वासासाठी कागद शोधले.

बाईंचे आभार मानायला गेलो, तर पाकिटाची गोष्ट ऐकून म्हणाल्या, बहिणीचे माना. त्याला मला तीन महिने लागले. आता पंप दोन्ही वेळा घेतो, आणि पाठ कुरकुरली तरच बाईंकडे जातो. आज छातीत भरून श्वास आहे, तो तुम्हा दोघींमुळे.

रविवारी मी येतो आहे. रागावायचं असेल तर पोटभर रागाव, फक्त दार उघड.

तुझा स्वतःचा,
धाकटा