आईच्या पलंगामागची भिंत

टोर्लाइफ,

माशाचं सूप चुलीवर आहे, गरम करून घे. घराची ऊब कुठून जाते ते बघायला दुपारी तो उष्णतेचा कॅमेरावाला येऊन गेला. ऊब खिडक्यांतून जात नाही, तेव्हा मी त्या उघड्या टाकते असं यापुढे म्हणू नकोस. ती जाते आईच्या खोलीतून. तिच्या पलंगामागची अख्खी भिंत पडद्यावर काळीनिळी, म्हणजे गारठलेली दिसली. त्याने फळी काढून दाखवली, तर आत सगळं पोकळ. ती भिंत तूच बांधलीस आणि "थंडी अडवायला आत लोकर गच्च भरलीय" असं मला सांगितलंस.

आई म्हणायची, "सिग्रुन, भिंतीतून वारं येतं गं." तू हसून म्हणालास, "आई, वारं भिंतीतून नाही, तुमच्या डोक्यातून वाहतंय!" डॉक्टरांनाही तू तेच सांगितलंस, आणि भास होतात म्हणून तिची रवानगी वृद्धाश्रमात झाली.

मी चारच्या बसने तिच्याकडे निघाले आहे. वारं खरंच येत होतं, हे तिला सांगणार आहे. ती हल्ली मला ओळखत नाही, तरी सांगणार.

भिंत भरायची घाई करू नकोस. उद्या आले की त्या खोलीत तुझा पलंग लावणार आहे.

सिग्रुन