शेवटचं बटण

१२ जानेवारी

तीर्थरूप बाबांना,

साष्टांग नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? शेजारच्या काकू डबा देतात असं कळलं, म्हणजे उपासमार नाही.

तुमचं पत्र मिळालं. "लोकांना चुकताना बघायचा पगार घेतेस, हा कसला धंदा?" असं विचारलंत. अगदी तोच धंदा आहे. आमची कंपनी फोनवर बसची तिकिटं काढायचं अ‍ॅप बनवते. मी एकेका माणसाला समोर बसवते, फोन हातात देते आणि म्हणते, "काढा तिकीट." मग गप्प बसते. तो अडला तरी मदत करायची नाही. कुठे अडला ते बघायचं, नंतर का ते विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा गप्प. मी गप्प बसते हे तुम्हाला पटणार नाही. मला वकिलीणबाई नाव तुम्हीच ठेवलंत.

पहिल्याच महिन्यात साहेबांशी वाजलं. बरीच माणसं एकाच ठिकाणी अडत होती. साहेब म्हणाले, "अहवालात लिही, लोकांना सवय नाही." मी लिहिलं, आपली मांडणी चुकली आहे. "खोड ते," म्हणाले. नाही खोडलं. तेव्हा नोकरी पक्की झाली का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आणि कदाचित होणारही नाही. वाक्य मात्र तसंच आहे.

आता आईचं. ती चार दिवस राहायला म्हणून आली, त्यानंतरची गोष्ट. ठरलेली एक बाई आली नाही, म्हणून मी आईलाच खुर्चीत बसवलं. तिने एक बटण दाबलं, भलतंच पान उघडलं, आणि तिने लगेच फोन माझ्यापुढे धरला. मी चकार शब्द काढला नव्हता. बाबा, तो पुढे आलेला हात मी लहानपणापासून ओळखते. रिमोट असो, मिक्सरचं झाकण असो, दाराचं कुलूप असो, तुम्ही तिला म्हणायचात, "दे इकडे, तुला नाही जमायचं." तुम्ही मायेनेच म्हणत असाल. पण मला राग आला, तो अजून आहे, आणि मी तो गिळणार नाही.

मी फोन घेतला नाही. आई चिडली. "अगं सांग की, तोंडात मिठाची गुळणी धरून काय बसलीस?" मी सांगितलं नाही. ती पुन्हा चुकली, मग तिला जमलं. आता बाजार, दवाखाना, सगळीकडे एकटी जाते. परवा रस्ता चुकली, अंधार पडल्यावर घरी आली आणि वर मलाच म्हणाली, "तू जेवली का नाहीस अजून?"

तुम्ही लिहिलंत, "रविवारी तिला गाडीत बसवून दे." मी बसवणार नाही. तुम्ही न्यायलाही येऊ नका.

काल जेवण झाल्यावर तिने फोन घेतला. आपल्या गावाचं नाव टाकलं, रविवार निवडला, खिडकीची जागा घेतली. शेवटचं बटण उरलं. त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग फोन पालथा ठेवून भांडी आवरायला उठली. ती अडली नव्हती, बाबा. अडलेलं माणूस मला कळतं.

का, ते मी विचारलं नाही. ते तुम्ही विचारायचं आहे. तिला फोन करा, विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मध्ये बोलू नका. मला जमलं, तुम्हालाही जमेल.

तुमचीच,
वकिलीणबाई