गायधनींच्या नावाचे टोकन

नाशिक,
३ जून २०२५

चि. संपदास आईचे अ. आ.

पाणी भरून होईतोवर नळ गेलेला असायचा. मी हंडे आत घ्यायचे आणि तुझे बाबा ओट्यापाशी मेथी निवडत बसायचे. मी ओरडावे म्हणून एखादी जाड काडी मुद्दाम भाजीत ठेवायचे. मग पेपरातली एक बातमी मला मोठ्याने वाचायला लावायचे. मी अडखळले तरी शब्द सांगायचे नाहीत, नुसते थांबायचे. आज पाणी भरताना ते सगळे आठवले. कोणत्या दिवसाचे म्हणशील तर सांगता येणार नाही. रोज तसेच असायचे.

फोनवर तू अर्धे ऐकतेस तोच वॉर्डातून हाक येते, म्हणून पत्र. डॉ. अश्विन यांच्या मिसेस फॉल-पिकोला साड्या घेऊन आल्या होत्या. त्यांच्या दवाखान्यात सर्जनची जागा आहे. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय अशी कामे, महिना दोन लाख, आणि रात्री माणूस आपल्या घरी. तुला विचारून सांगते, असे मी म्हणाले.

तुझे ते हृदयाच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण मला पसंत नाही, सरळच लिहिते. साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन एमएस, आता आणखी तीन. तेवढ्यात मी वाचनालयाची सगळी कपाटे संपवीन. दिवाळीत तू ताटावर बसल्या बसल्या झोपलीस, हात वरणात. शेजारच्या गोजराबाई मला विचारत होत्या, पोरीला काही खायला देतात का तिथे.

लवकर लिही. लोभ आहेच, तो वाढण्याइतकी झोप घे.

तुझी आई

पुणे,
८ जून

ती. आईस सा. न.

तू 'शस्त्रक्रिया' एकदाही न चुकता लिहितेस. मी गेल्या आठवड्यात रजेच्या अर्जात चुकले आणि सिस्टर हसल्या.

विचारलेस म्हणून खरे सांगते. तीन वर्षे शिकायचे, त्यात तीस-तीस तासांची ड्युटी. पुढे चार-पाच वर्षे कुणा मोठ्या सर्जनच्या हाताखाली. एकटीने छाती उघडीन तेव्हा मी सदतीस-अडतीस वर्षांची असेन. सोपे पेशंट आता स्टेंटवर बरे होतात, आमच्याकडे येतात ते अवघड. अश्विनसर आज देतायत तेवढा पगार शिक्षण संपल्यावरही लगेच मिळेल असे नाही. म्हणजे तुझेच म्हणणे बरोबर. वीस तारखेपर्यंत प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचा आहे. मी भरणार नाही. सरांना हो कळव.

एकच गोष्ट सांगते आणि विषय संपवते. मागच्या मंगळवारी मला हृदयाच्या ऑपरेशनला मदतीला उभे केले होते. हृदय बंद, रक्त मशीन फिरवत होते. काम झाले, रक्तवाहिनीवरचा चिमटा सोडला, आणि ते आधी थरथरले, मग आपले आपण चालू झाले. सिस्टरनी गॉज मोजायला घेतले. त्या दिवशी मी दोन डबे जेवले.

पण तू घरात एकटी आहेस. बाबांच्या वेळी मी ड्युटी संपवून सकाळी पोहोचले, तेव्हा सगळे झालेले होते. ते मला पुन्हा नको.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
संपदा

नाशिक,
१५ जून

चि. संपदास अ. आ.

आधी माझी लबाडी सांगते. तुझे पत्र गुरुवारी आले. त्याआधी सोमवारीच मी डॉ. फारुख यांच्याकडे जाऊन आले होते. बाबांचे बायपास केलेले तेच. म्हटले, तेच तुला नको म्हणतील, त्यांचे तू ऐकशील.

ओळख पटावी म्हणून बाबांची जाड फाइल नेली. खिडकीवरच्या मुलीने फाइलचा नंबर टाकला आणि टोकन दिले. माझ्या काही लक्षात आले नाही. तासाभराने भरल्या हॉलमध्ये पुकारा झाला, यज्ञेश्वर गायधनी. दोन वर्षांत परक्या माणसाच्या तोंडून ते नाव ऐकले नव्हते. मी उठले. खरे सांगू, दाराशी जाईपर्यंत मला फार बरे वाटले.

डॉक्टरांचे केस पांढरे झालेत. फाइल ओळखून हसले आणि पेशंटला आत बोलवा म्हणाले. मग मला सांगावे लागले. हृदय शेवटपर्यंत नीट होते, न्यूमोनियाने गेले, असे सांगितले. त्यांनी चष्मा काढला. ऑपरेशननंतर किती वर्षे मिळाली ते विचारले. मी म्हणाले, नऊ. त्या नऊ वर्षांत बाबांनी काय केले, असेही विचारले. यात्रा नाही, परदेश नाही. अंबडला कंपनीच्या स्टोअरमध्ये बसले, मेथी निवडली, माझे वाचन ऐकले, एवढेच सांगितले. ते म्हणाले की टाके काढले की माणूस त्यांना दिसत नाही, परत येतो तो दुखले म्हणून. हे असले कुणी येऊन सांगत नाही.

मग मी कशाला आले ते बोलले. त्यांनी काही लपवले नाही. चाळिशीपर्यंत भाड्याचे घर, बायकोच्या शाळेच्या पगारावर संसार, पायाच्या शिरा फुगलेल्या. टेबलावर माणूस गेला तर बाहेर येऊन त्याच्या घरच्यांना त्यांनीच सांगायचे. त्यांची मुलगी उजमा हेच करणार होती. त्यांनी नको म्हटले, तिने ऐकले. आता ती त्वचेची डॉक्टर आहे, सुखात आहे, संध्याकाळी घरी असते. पण जेवताना ती रोज आजचे ऑपरेशन कसे झाले ते विचारते, आणि त्यांना घास गिळवत नाही. तुला काही सांगायला त्यांनी नकार दिला.

मी तशीच घरी आले, तुझ्यावरच चिडून. मग तुझे ते दोन डबे वाचले.

आता दुसरी लबाडी. बाबांची ती शेवटची संध्याकाळ. मी तुला फोन लावत होते, त्यांनीच लावू दिला नाही. पोरगी ऑपरेशनमध्ये असेल, हात हलेल तिचा, असे म्हणाले. मी ऐकले. आपल्याला सकाळ मिळेल असे वाटले होते. तू उशिरा आली नाहीस, आम्ही तुला उशिरा बोलावले. दोन वर्षे सांगायला धीर झाला नाही. वाटले, तू कधी माफ करणार नाहीस. आता हवे तेवढे रागाव, पण माझ्यासाठी म्हणून नाशिकला येऊ नकोस. अश्विनसरांना मी हो कळवलेले नाही.

पत्र स्पीड पोस्टाने टाकते. फॉर्म भर.

रागासकट तुझी,
आई

पुणे,
२१ जून

ती. आईस सा. न.

पत्र अठराला मिळाले. दोन दिवस तुझा फोन उचलला नाही, ते मुद्दामच. तू मला विचारायला हवे होते. बाबांनीही. काल चार वाजता फॉर्म भरला. हृदय पहिले, दुसरे काही टाकलेच नाही. राग गेलेला नाही, पण भूक लागली आहे. लाडू पाठव.

संपदा

नाशिक,
५ जुलै

चि. संपदास अ. आ.

लाडू पाठवले आहेत. वॉर्डात वाटू नकोस, आधी स्वतः खा. तुझा राग पोहोचला, जपून ठेवला आहे. दिवाळीला आलीस की समोर बसून काढ. ताटावर झोपलीस तरी चालेल, वरण मी लांब ठेवीन.

आहेस तशीच माझी राहा.

तुझी आई

ता. क. बुधवारी जागा मिळाल्याचे तू फोनवर सांगितलेस, तो ठेवल्यावर मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी नर्सिंग शिकणाऱ्या सुरगाण्याच्या दोन मुलींना तुझी खोली भाड्याने दिली.