हवेची तोफ : एकोणतीसशे पन्नास फूट

८ फेब्रुवारी १९४२, रविवार. सेलू.
आजपासून रोज लिहायचं. शास्त्रीय कामाला रेकॉर्ड लागतं. तोफ तयार. आठ फुटी लोखंडी नळी, दोन्ही तोंडांना ग्रीस लावलेला जाड कागद, आत लिंबाजी सुताराने करून दिलेला लाकडी गोळा, वजन अधपाव. सायकलच्या पंपाचं वायसर उलटं बसवलं की पंप हवा भरत नाही, ओढतो. नळीतली हवा काढायची आणि मागचा कागद फाडायचा. बाहेरची हवा आत घुसून गोळा ढकलते. दारूगोळा नको, धूर नाही. गणित तीनदा केलं. गोळा एकोणतीसशे पन्नास फुटांवर पडणार. उद्या पहाटे पाचला उठणे.

९ फेब्रुवारी.
साडेसातला उठलो. जिनिंग फॅक्टरीत कापसाची आवक जास्त. आम्ही कारकून माणसं, शास्त्राला वेळ कुठून आणायचा.

१५ फेब्रुवारी, रविवार.
पहिला बार. गोळा पडेल ती जागा पाहायला लिंबाजीला फॅक्टरीच्या पलीकडे, अंतर मोजून बसवलं. पंपाचे तीनशे हात मारले. कंबर गेली. गोळा एकतीस फूट. वारा समोरून होता.
लिंबाजी दुपारी परत आला. तोफ कवा उडवायलाय, म्हणून विचारत होता. उद्या, असं सांगितलं.

२२ फेब्रुवारी.
बावीस फूट. ग्रीस जुनं. गणितात हवेचा विरोध धरायचा राहिला होता. आता धरला. सत्तावीसशे येतात. म्हणजे गणित सुधारतंय.

१ मार्च.
हैदराबादला युद्धाच्या खात्याला पत्र लिहिलं. लढाईत दारूगोळ्याची टंचाई आहे, हवा फुकट. पल्ला एकोणतीसशे पन्नासच लिहिला. अंगणात घडतं तो अपघात, कागदावरचं खरं. मनकर्णाला वाचून दाखवलं. बायको असून म्हणाली, मंग तितं बी एकतीसच लिवा की. तिला तत्त्व आणि प्रयोग यातला फरक समजत नाही. पत्र टाकलं.

२९ मार्च.
चौदा फूट. काही लिहावंसं वाटत नाही. उन्हाने नळी तापते, हे कारण असावं. तपासणे.

१० एप्रिल.
तपासलं नाही. कंबर.

१४ एप्रिल, मंगळवार. दुपारी तीन.
पत्राचं उत्तर आलं. पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, आणि दोन जवान, असं आलं. त्यांच्या हातात माझं पत्र, उर्दू तर्जुम्यासह. विचारलं, मुंशीजी, ये तोप आपकी? हो म्हणालो. अर्धा मैल मारती? मनकर्णा दारातूनच म्हणाली, साहेब, ह्यांचा गोळा आंगनाच्या भाईर जात न्हाई. मी म्हणालो, बायकांना गणित कळत नाही.
अमीनसाहेब बाजेवर बसले. म्हातारा, सभ्य, उन्हाने दमलेला माणूस. म्हणाले, आकडा खरा असेल तर आत्ता परभणीला चला, बिनपरवाना तोफ म्हणजे तुरुंग. खोटा असेल तर तसं लिहून द्या, मी घरी जातो.
खोटा, एवढं लिहायचं होतं. पेन हातात होता. आकडा खरा आहे, असं म्हणालो. मनकर्णा आत गेली.
मग चलाके दिखाओ, म्हणाले. जवानांनी गल्ली रिकामी केली. एकजण भिंतीआड गेला. मला बरं वाटलं.
एकशेवीस हात झाले तेव्हा लक्षात आलं, इथे थांबलो तर गोळा नळीतून निघायचाही नाही आणि सुटका होईल. थांबलो नाही. तीनशे दहा मारले. कागद फाडला.
अकरा फूट. त्यातले शेवटचे तीन घरंगळत. अमीनसाहेबांच्या बुटाशी थांबला. त्यांनी उचलला, तळहातावर तोलला, हसले नाहीत. जवानाला सांगितलं, लिखो, खिलौना. मी शब्दाला हरकत घेतली. तो क्या लिखूँ, तोप? त्यांनी विचारलं. मागून मनकर्णा म्हणाली, सही करा.
केली. गोळा परत दिला. पाणी पिऊन गेले.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
फाटलेले दोन्ही कागद जुळवून दिव्यापाशी धरले. एखादं बारीक भोक असणार. मला वाचवायला मनकर्णाने सुई टोचली असेल. बायकोने केलं तर ते समजण्यासारखं आहे, मी रागावणार नव्हतो. आणि मग आकडा जसाच्या तसा खरा राहतो.
भोक सापडेना. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, सुई हातात घेतली व्हती. पर तुमी पंप मारायला लागलात ते बघितलं, म्हनलं गरज न्हाई. ठिवून दिली.