दाराशी तांब्याची पट्टी

प्रिय चिमे,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला बसायचो आणि चार ओळी झाल्या की कागद फाडायचो. मला तारा जोडता येतात, वाक्यं जोडताना घाम फुटतो. शेवटी तुझी आई म्हणाली, अहो, तोंडानं जमत नाही तर कागदावर तरी सांगा, पोर तिकडे भलतंच मनाला लावून बसली असेल. मी तुझ्याकडून परत आल्यापासून तू फोनवर आईशीच बोलतेस. माझी चौकशी 'बरे आहेत ना' एवढ्यावरच संपते. तुला दोष देत नाही. पण जिवाला घोर लागतो.

बाळाची सर्दी गेली का? तिच्या खोलीतल्या हीटरची वायर गादीखालून नेली आहे, ती जावईबापूंना बाजूला घ्यायला सांग. आईचा गुडघा बरा आहे, जीभ तर ठणठणीत आहे. इकडे कोरडी थंडी पडली आहे. अशा हवेत मी अजून बेचैन होतो. दारूगोळ्याच्या कारखान्यात वायरमन होतो तेव्हा या दिवसांत अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी ओतत फिरायचो, कोरड्या मातीत वीज नीट उतरत नाही म्हणून. आई म्हणायची, घरच्या झाडांना कधी तांब्याभर घातलं नाही, तिथल्या मातीला मात्र न्हाऊमाखू घालतात.

तुला कधी नीट सांगितलं नाही, तिथं काय होतं ते. गोळ्यांत दारू भरायच्या खोलीत दिवा नसायचा. तो बाहेर, काचेपलीकडे. बटणही बाहेर. अंगात सुती कपडे, नायलॉनचा मोजासुद्धा चालायचा नाही. आभाळ गडगडलं की हातातलं काम ठेवून सगळे बाहेर. आणि दाराशी तांब्याची पट्टी, जमिनीत गाडलेल्या तारेला जोडलेली. तिला उघडा हात लावायचा, अंगातली वीज मातीत सोडायची, मगच आत पाऊल. त्या पट्ट्या तपासणं माझं काम. माणसाच्या अंगातही ठिणगी असते, हे मी तिथं शिकलो.

तीच सवय घरी आली. मी आलो की तू धावत यायचीस आणि मी आधी अंगणातल्या लोखंडी नळाला हात लावायचो, मग तुला उचलायचो. तुला वाटायचं, सगळेच बाबा असं करतात. शेजारच्या काकांनी त्यांच्या मुलीला नळाला हात न लावताच उचललं, तेव्हा तू त्यांना दटावलं होतंस, आधी नळ, मग पोरगी. काका अजून ते सांगून हसतात.

आता बाळाला बघायला तुझ्याकडे आलो त्या दिवसाचं सांगतो. तुझ्या घरी दाराची मूठ प्लास्टिकची, नळही प्लास्टिकचा. कुठं हात लावू, कळेना. अंगात लोकरी स्वेटर, बाळ त्या मऊ केसाळ दुलईत. तू म्हणालीस, घ्या ना बाबा. मी बोट पुढं केलं आणि तिच्या गालापाशी चट्‌ आवाज झाला. ती दचकून रडली. तुला वाटलं, अनोळखी म्हणून रडली. पण ती ठिणगी माझ्या बोटातून निघाली होती, चिमे. साऱ्या नोकरीत एक ठिणगी उडू दिली नाही, आणि पहिली उडाली ती नातीच्या गालावर. त्यानं काही इजा होत नाही, हे मलाही कळतं. हाताला कळेना. मी हात खिशात घातले, असू दे म्हणालो आणि चहा न घेता निघालो. तुझा चेहरा उतरला तो पाहिला, तरी थांबलो नाही. नात झाली म्हणून बाबा नाराज आहेत, असं तुला वाटलं असेल तर ते मनातून काढून टाक. तिला घ्यायलाच तर आलो होतो.

आईनं जुन्या साडीची सुती दुपटी शिवली आहेत. मी तांब्याची एक छोटी पट्टी घासून ठेवली आहे, तुझ्या दाराशी बसवीन, तारही नीट जोडीन. जावईबापू हसले तर हसू देत. आधी पट्टी, मग पोरगी. येऊ का, एवढंच लवकर कळव. फोन केलास तर आईला बोलावू नकोस, माझ्याशीच बोल.

तुझाच,
बाबा