राणीला पदर

४ डिसेंबर
वही, माफ कर. दिवाळीनंतर आज लिहितोय. मन थाऱ्यावर नाही. कारण सुपडू. शेजारी, कापडाच्या लूमवरचा जुना जोडीदार. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून रद्दीतल्या हिंदी कॉमिक्सच्या गोष्टी सांगतो. राक्षस, उडते घोडे. सुरतेच्या गोडादऱ्यातली आमची अख्खी गल्ली जमते. आमची बायको, सरलासुद्धा! माझं बोलणं तिने असं तोंड उघडं ठेवून कधी ऐकलं नाही. मी जळत नाही. फक्त नोंद.

६ डिसेंबर
कॉमिक्सचं कव्हर पाहिलं. राणीच्या अंगावर जेमतेम दोन रुमाल. सुरतेत कापडाची टंचाई! सुपडूला सर्वांदेखत सुनावलं. तो म्हणाला, निंबाभाऊ, तू कव्हरवरच थांबला, गोष्ट आत आहे. बाया हसल्या. सरला जास्त.

७ डिसेंबर, सकाळ
ठरलं. सुपडूपेक्षा भारी गोष्ट मीच सांगणार. सरलासाठी नाही, समाजासाठी. त्याच्याकडूनच एक कॉमिक्स मागून आणलं. चित्रांकडे ढुंकूनही बघायचं नाही.

दुपार
बघितलं. गोष्ट सापडली नाही. बीपीची गोळी घेतली.

९ डिसेंबर
उपाय सापडला. सरला घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. तिचा गम घेतला, कातरणं घेतली, पानोपानी राणीला साडी नेसवली. डोक्यावरून पदर.

संध्याकाळ
राणीचं सगळं बोलणं पदराखाली गेलं. राक्षस उघडाच राहिला, त्याचं सगळं वाचता येतं. हरकत नाही. तेवढ्यावर सांगू.

१० डिसेंबर
सांगितली. गल्लीतल्या भिकनच्या आईने विचारलं, भाऊ, राणी मुकी आहे का? सुपडूने पुस्तक उघडलं, साड्या पाहिल्या, मिटून माझ्या हातात परत दिलं. हसला असता तर बरं झालं असतं. घरी येताना सरला आपल्या अहिराणीत म्हणाली, आते तरी गोष्ट दिसनी का?

१२ डिसेंबर
सरला ओल्या फडक्याने कातरणं सोडवत बसली. तिच्यावर लक्ष ठेवायला मीही बसलो. सहज वाचलं. राणी कैदेतल्या बहिणीसाठी विहिरीत उतरते. वरून राक्षस झाकण लावतो. भाग पहिला समाप्त! सरलाने विचारलं, राणीने घातलं काय होतं? आठवेना.

१५ डिसेंबर
सुपडू लेकीकडे बारडोलीला गेला. दुसरा भाग सोबत नेला. ओटा आता माझा. ऐकायला एक मांजर. पुढचं सरलाला त्याच्याकडून ऐकून ठाऊक आहे, पण म्हणते, सुपडूभाऊंसारखं मला सांगता येणार नाही.
मी जळत नाही. पण सुपडू, लवकर निरोप धाड. राणी वर आली का?