वर्सायचा संधिविच्छेद

चंदीगढ, ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १८९६
(कारकुनी हिशेबाने १९७४)

मित्रवर्य चारुदत्तपंत यांस रामकृष्णाचा सप्रेम नमस्कार.

शशिकला आणि मी, आम्ही उभयता उन्हाने भाजून निघालो असलो तरी क्षेम आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? पाठशाळेत मांडी घालून घोकलेल्या व्याकरणाची ती गुरुदक्षिणा असावी. माझी कंबरही तेच म्हणते. प्रभावतीवहिनींस नमस्कार सांगावा.

तुम्हांस ठाऊकच आहे की गेली नऊ वर्षे मी पंजाबी मुलांना युरोपचा इतिहास शिकवतो. (पश्चिमेस मी वाघा सरहद्दीपर्यंत गेलो आहे. तिथे शिपायाने थांबवले, नाहीतर युरोपच्या दिशेने आणखी चार पावले पडली असती.) ऱ्हाईन नदी सांगताना मी खिडकीतून सुखना तलावाकडे हात करतो. मुले दयाळू आहेत, मान डोलावतात.

यंदा एम. ए.चा पेपर मी काढला, इंग्रजी प्रश्नांचा हिंदी तर्जुमाही मीच केला, आणि तिथे घात झाला. वर्सायचा तह कसा मोडत गेला, असा प्रश्न होता. तहाला हिंदीत संधि म्हणतात. मोडणे म्हणजे विच्छेद. मी निर्मळ मनाने लिहिले, 'वर्साय की संधि का विच्छेद सविस्तर समझाइए.' पाठशाळेत शब्दांचे संधी फोडत, म्हणजे संधिविच्छेदच करत, वाढलेला माणूस, पंत, आणि पापणीसुद्धा लवली नाही!

बाकीच्यांनी शेजारचे इंग्रजी वाचून निभावले. एकाने हिंदीच वाचले. हे रघुवीरजी, जवळच्या खरड गावच्या शाळेतले संस्कृतचे शास्त्री, वय एक्केचाळीस, बाहेरून परीक्षेला बसलेले. एम. ए. झाले तर मुख्याध्यापक होतील. दोनदा नापास झाले आहेत, नियमाप्रमाणे ही त्यांची शेवटची संधी (मराठी अर्थाने).

पेपरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते घाम पुसत घरी आले. "प्रोफेसर साहब, संधि-विच्छेद लिखा था, मैंने कर दिया. बाहर आया तो लड़के हँसने लगे."

काय केलेत, म्हणून विचारले.

"वर्सा धन अय, वर्साय. दीर्घ संधि. अवग्रह भी लगाया जी."

शशिकला पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, "बरोबरच आहे की!"

मी हसण्याच्या बेतात होतो. पण मी 'सविस्तर' म्हटले होते आणि शास्त्रीबुवा आज्ञाधारक. त्यांनी आणखी तीन पाने लिहिली होती, ती मला तोंडी ऐकवली. दोन स्वर जुळतात तेव्हा एकाचा लोप होतो आणि त्याला कोणी विचारत नाही. तहातही गावांना कोणी विचारले नाही. व्याकरण निदान लोपलेल्या अकाराच्या जागी अवग्रहाची (ऽ) खूण ठेवते, की इथे कोणी होता. "नक्शे पर अवग्रह नहीं लगता जी."

पेला परत घेताना मी त्यांचे गाव विचारले. लायलपूरजवळचे, आता पाकिस्तानात. सत्तेचाळीस साली चौदा वर्षांचे होते.

मग पेल्यात पाणी उरले आहे का हे मी बराच वेळ बघत राहिलो. आपण नऊ वर्षे काय शिकवतो आहोत ते एखाद्या चुकलेल्या उत्तरातून कळावे, हे शास्त्राला धरून नाही. पण झाले खरे.

बाकी इकडील वर्तमान ठीक. आंबे महाग आणि आंबट.

तुमचा जुना सहाध्यायी,
रामकृष्ण

ता. क. : उत्तरपत्रिकांचे पार्सल परवा नागपुरास निघाले. यंदा बाहेरचे परीक्षक तुम्ही आहात, हे मला ठाऊक नाही असे समजावे. विद्यार्थ्याचे नाव मी कळवणार नाही (वर आले आहे ते वाचू नये). नंबरही देत नाही. मात्र वर्सायला अवग्रह लावलेली उत्तरपत्रिका उभ्या पंजाबात एकच निघेल.

ता. क. दुसरा : शशिकलेने पत्र वाचले. म्हणाली, "हा वशिला झाला. चूक तुमची, तर भावोजींना कशाला? युनिव्हर्सिटीला लिहा." लिहिले. प्रश्न माझ्या हातून चुकला, जे विचारले त्याचेच उत्तर तपासावे, अशी कबुली आज सकाळी स्वतः देऊन आलो. (पुढल्या वर्षी मला पेपर काढायला सांगतील असे वाटत नाही.) तेव्हा हे पत्र आता निरर्थक आहे. पाकिटाला तिकीट लावून झाले होते, म्हणून धाडतो.

ता. क. तिसरा : सवर्णदीर्घ संधीत अवग्रह लावावा की नाही, यावरून पाठशाळेत आपण दोन महिने अबोला धरला होता. तुम्ही 'नको' म्हणत होता, आणि शास्त्राने तुमचेच बरोबर होते. गुण तुमच्या मनास येतील ते द्या. एवढा एक अवग्रह मात्र लाल शाईने खोडू नका.